पेटी हापूसची, टॉवेल गॅलरीत आणि जावई घाटावरचा

आधी पत्र, थोडं कापून. बाकी भाषा त्यांचीच ठेवलीय.

"माई, नमस्कार. मी पेडण्याचा. मोरजीला चार रूम आहेत त्या भाड्यानं देतो. मुलगी वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत आहे, तिनं तिथलाच मुलगा पसंत केलाय, कराडकडचा. मे महिन्यात त्यांची माणसं घर बघायला आली. अकराला येतो म्हणाले, आले अडीचला. एका गाडीत नऊ जण, एमएच नंबर. वाटेत समुद्रात डुंबून आले आणि ओले टॉवेल, हाफ पँटी माझ्या गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातल्या, समोरच्या बिऱ्हाडानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. मुलाचे काका जेवणाआधी कानाशी येऊन म्हणतात 'पाव्हणं, गोव्याला आलोय, तीर्थ हाय न्हवं?' आणि जाताना 'दोन खंबे बांधून द्या'. काकी माझ्या बायकोला विचारते तुमच्यात रविवारी चर्चला जावं लागतं का, दारात तुळस बघूनसुद्धा. आजोबा तर आम्ही विसवणाची (सुरमईची) तुकडी वाढली तशी ताट सारून उठले, पाणी पिऊन बाहेर जाऊन बसले, एवढा अपमान आमच्या घरात कोणी केला नव्हता. वर देवगड हापूसची पेटी दिली, मानकुराद आंब्याचं झाड असलेल्या दारात. चलो बरो आसा (मुलगा बरा आहे). पण माई, मी रूमसुद्धा घांट्यांना देत नाही, मुलगी कशी देऊ? तिला न दुखावता नाही कसं सांगायचं तेवढं सांगा."

भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू, त्या काकांचं तीर्थ वाचून चहा सांडला. दुसऱ्यांदा वाचताना तुमची बाजू पटली, कारण स्वतःच्या घराच्या कठड्यावर परक्याच्या हाफ पँटी वाळताना बघणं आणि वरून शेजाऱ्यांनी तो फोटो फिरवणं हे कोणालाच सहन होणार नाही, मला पण नसतं झालं. तिसऱ्यांदा वाचलं ते पेन घेऊन. गाडीवर किती ओळी, टॉवेलवर किती, काकांवर किती आणि मुलावर किती ते मोजलं. मुलावर तीन शब्द आहेत. चलो बरो आसा. ज्याच्याशी तुमची मुलगी आयुष्य काढणार म्हणते त्याच्यावर तीन शब्द आणि टॉवेलवर अख्खा पॅरा, हे मला जरा खटकलं.

आणि आजोबांचं. भाऊ, एक विचारते, रागावू नका. आजोबांच्या गळ्यात माळ होती का हो? तुम्ही लिहिलं नाहीये, पण कराडकडचा म्हातारा माणूस, माशाची तुकडी ताटात पडली तसा एक शब्द न बोलता उठला, भांडला नाही, तोंड वाकडं केलं नाही, पाणी प्यायला आणि बाहेर बसला. माझा अंदाज आहे की ते माळकरी असणार. मुलीला विचारा, तिला नक्की माहीत असेल. तसं असेल तर त्यांनी तुमचा अपमान केला नाही, तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत. तुमच्या पेडण्यातून, डिचोलीतून, सत्तरीतून माणसं आषाढीला पंढरपूरला चालत जातात, आमच्या साखळीला विठ्ठलापूरचं देऊळ आहे, तिथे चैत्री भरते, तुम्ही स्वतः भजनाला बसत असणार. माळ काय असते हे आपल्याला शिकवायला लागत नाही. पण एमएच नंबरची गाडी दारात आली, समुद्राची वाळू लागलेले नऊ जण उतरले, आणि आपण ठरवून टाकलं की हे सगळे एकजात खाणारे-पिणारे टुरिस्ट. काकींनी दारातली तुळस बघितली नाही आणि तुम्ही आजोबांच्या गळ्यातली बघितली नाही, तेव्हा ते एक फिटंफाट झालं असं मी धरते.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई डिचोलीत बसून फुकट उपदेश करतेय. मी स्वतः घांटी आहे. माझे वडील आजऱ्याचे, १९६४ ला मास्तर म्हणून सत्तरीत आले, मी तेव्हा पाच वर्षांची. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांचं सरकार नुकतंच आलेलं, गावोगावी मराठी शाळा उघडत होत्या आणि शिकवायला माणसं कमी पडत होती म्हणून आमच्यासारखी बरीच कुटुंबं घाट उतरून आली. त्या काळात डेप्युटेशनवर आलेले साहेब लोकसुद्धा होते, त्यातल्या काहींचा रुबाब असा की जणू गोवा त्यांनीच सोडवला, आणि लोकांचा राग जो बसला तो त्यांच्यावर आणि मग ओघानं आमच्यावर पण. शाळेत मला मास्तरांची घांटी म्हणायचे. मी घरी येऊन रडायचे, वडील म्हणायचे अगं घाटावरून आलो तर घाटीच म्हणणार, कोकणी कसं म्हणतील. हे उत्तर तेव्हाही मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, कारण शब्द कुठून आला आणि तो कशासाठी मारला हे दोन वेगळे विषय आहेत.

तुम्हाला ओपिनियन पोल, म्हणजे गोव्याचं सार्वमत, आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकलं असेल. १६ जानेवारी १९६७, संक्रांत होऊन दोनच दिवस झालेले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. आमचे वडील उघड फुलाचे. शेजारची वहिनी, जिच्या अंगणात मी दिवसभर असायचे, ती कट्टर दोन पानांची. महिनाभर दोन्ही घरांत माणसं मोठमोठ्यानं बोलायची, झुणका-भाकर की शीत-कडी असं चाललेलं, आणि मला वाटायचं आता वहिनी आपल्याशी बोलणार नाही. संक्रांतीला आई घाबरत घाबरत तिळगूळ घेऊन गेली. वहिनीनं घेतला, आईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, मास्तरीण, मत तुला देणार नाही पण नारळ घेऊन जा. दोन नारळ दिले. मग निकाल लागला, वेगळं राहणाऱ्यांची १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाची १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ चा फरक. वडील दोन दिवस जेवले नाहीत. आणि पुढची गंमत बघा, विलीनीकरण हरलं तरी त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली त्यात लोकांनी परत भाऊसाहेबांनाच निवडून दिलं, विलीनीकरणवाल्या पक्षालाच. बाहेरचे लोक अजून विचारतात हे कसं काय. मला त्यात काही कोडं वाटत नाही. वहिनीनं जे केलं तेच अख्ख्या गोव्यानं केलं. माणूस हवा, विलीन व्हायचं नाही.

तुमच्या मुलीचं लग्न मी याच नजरेनं बघते. कराडशी सोयरीक करायची, कराडात विलीन व्हायचं नाही. तुम्ही मात्र दोन्हीचा एकच प्रश्न करून ठेवलाय आणि घरातच ओपिनियन पोल घेताय, मतदार एक, तो पण तुम्हीच.

बरं, तुमचा राग सगळा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मोरजीला राहता म्हणजे रोज बघत असणार, रस्त्याच्या कडेला गाडी लावून स्टोव्हवर शिजवणं, बाटल्या वाळूत फोडणं, कपड्यांसकट समुद्रात जाणं आणि लाइफगार्डनं शिट्टी मारली की त्यालाच दम देणं. हे होतं आणि त्याचा त्रास होतो. पण २०१९ मध्ये आपल्याकडे कायद्यात बदल केला ना, टुरिस्टच्या जागी उघड्यावर पिणं-शिजवणं केलं तर एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० दंड ठरवला होता तेव्हा, तो कायदा स्टोव्ह बघतो, गाडीचा नंबर बघत नाही. तुम्ही पण तसंच करा की. चार रूम आहेत, दारावर नियम लिहा, डिपॉझिट घ्या, रूममध्ये स्टोव्ह पेटवला तर डिपॉझिट गेलं, मग तो कराडचा असो की दिल्लीचा की मडगावचा. तुम्ही नंबरप्लेट बघून रूम नाकारता तेव्हा बाटली फोडणारा बाजूच्या गेस्टहाऊसला जातो आणि एखादं म्हातारं जोडपं, जे मंगेशीला कुलदैवताच्या अभिषेकाला आलेलं असतं, ते मापसा स्टँडवर रात्र काढतं. किती महाराष्ट्रातल्या घरांची कुलदैवतं आपल्याकडे आहेत, मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, ते लोक पिढ्यानपिढ्या येतात, त्यांच्या पण गाडीला एमएचच असतं.

आणि जमिनी विकत घेऊन गोवा खाल्ला तो काही कराडच्या काकांनी नाही. पेडण्यातले डोंगर ज्यांनी कापले ते दिल्लीवाले... बघा, मी पण केलंच. दिल्लीवाले कोण, कुठले, मी एकाला पण ओळखत नाही. विकणारे मात्र ओळखते, आपलेच, सही करताना कोकणीतच बोलत होते.

पावसाळ्यात आंबोलीला कधी गेलात? जीए नंबरच्या गाड्यांची ही रांग असते. आपली पोरं धबधब्याखाली कपड्यांसकट भिजतात, ओले टॉवेल गाडीच्या काचेत अडकवून वाळवतात, कांदाभजी खातात आणि प्लेट तिथेच दरीत. आंबोलीच्या चहावाल्याला विचारा गोव्याची माणसं कशी, तो जे सांगेल ते ऐकून तुम्हाला त्या काकांची आठवण होईल. समुद्र कराडच्या माणसाला तसाच, तासन्‌तास गाडीत बसून आल्यावर समोर एवढं पाणी दिसलं तर कोण थांबणार नाही. पाहुणे म्हणून चाललोय तर आधी पाहुण्यासारखं जाऊ, एवढी अक्कल मोठ्यांनी दाखवायला हवी होती, ते कबूल. साडेतीन तास उशीर करणं तर मला पण आवडलं नसतं, माश्याची कढी परत परत गरम केली की तिची चव जाते आणि करणारीचा जीव जातो.

दारूचा विषय. हा तुम्हाला सगळ्यात लागलाय हे पत्रात दिसतं आणि मला पण लागतो. माझ्या मिस्टरांचे काका चाळीस वर्षं गिरगावात नोकरीला होते, थेंब घेतला नाही कधी, आणि चाळीस वर्षं ऑफिसात नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, गोव्याचे का, मग बसता का संध्याकाळी? मुंबईत आपल्या लोकांना मकापाव म्हणायचे, पिक्चरमध्ये गोवेकर आला की हातात बाटली आणि पाय लटपटत. इथून बोटीवर जाणारे तारवटी (खलाशी) धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावच्या सामायिक खोल्यांत, खाट टाकून राहायचे, महिनोन्‌महिने बोटीची वाट बघायचे, घरी मनीऑर्डर पाठवायचे, पण लोकांच्या डोक्यात राहिला तो फक्त पिणारा. आता सांगा, हे जे आपल्यावर शंभर वर्षं झालं त्याची चीड येते ना? मग त्याच मापात आपण दुसऱ्याला मोजतो तेव्हा कसं काय चालतं? मुंबईत गेलात ना की तुम्ही पण मराठी बोलता म्हणून घाटीच होता, तिथे कोणी विचारत नाही पेडण्याचा की पाटणचा. आणि कोकणातला माणूस, सावंतवाडीचा, मालवणचा, तो पण घाटावरच्याला घाटीच म्हणतो, आणि आपल्याकडे येऊन तोच बिचारा घांटी होतो. बेळगावच्या भाजीवालीला पण आपण तेच म्हणतो आणि तिची कोबी-गाजरं आली नाहीत तर मापशाच्या बाजारात ओरड सुरू होते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटकाशी भांडण आहे ते आहे, ते भांडायलाच हवं, पण ते भाजीवालीच्या टोपलीशी नको.

काकांना दोन खंब्यांचं काय सांगायचं ते मात्र स्पष्ट सांगा, हसून सांगा पण सांगा. पाव्हणं, बांद्याच्या पुढे इन्सुलीला तुमच्याच राज्याचा एक्साईजचा नाका आहे, परमिट नसताना सापडलात तर तीर्थ राहील बाजूला, पोरगं लग्नाच्या आधी जामीन द्यायला पळेल. हे ऐकून काका गप्प होतील, आणि तुमची पण सुटका. घरात घेत नसाल तर घेत नाही म्हणा, घेत असाल तर त्यात पण लपवण्यासारखं काही नाही. फक्त हे लक्षात ठेवा की काकांशी लग्न होत नाहीये. प्रत्येक घरात एक असा काका असतो, तुमच्या घरात पण असेल, नसेल तर कदाचित तो तुम्हीच असाल. (रागावू नका म्हटलंय मी वर.)

आता त्या हापूसच्या पेटीचं, कारण ते वाचून मला खरंच गंमत वाटली. मानकुरादापुढे हापूस काही नाही हे मी डिचोलीत राहून नाही म्हणणार तर कुठे जाणार, पण ही पेटी अपमान म्हणून कोणी आणली नव्हती हो. कराडच्या माणसाकडे आंब्याची बाग नाही, त्यानं बाजारात जाऊन जो सगळ्यात महाग आणि भारी समजतात तो विकत घेतला आणि घाट उतरवून जपून आणला. आणि हापूस हे नाव तरी कुठलं? आफोन्स द आल्बुकेर्कच्या नावावरून पडलेलं, पोर्तुगीजांनी कलमं बांधायची रीत आणली त्यातून हे आंबे आले, ती रीत गोव्यातून वर गेली. म्हणजे तुमच्या दारात माहेरवाशीण आली होती पेटीत बसून आणि तुम्ही तोंड फिरवलंत. त्यांना पुढच्या वेळी मानकुराद कापून द्या, पिळून नाही, कापून, आणि बाजूला बसून तोंड बघा. भांडण काय ते आंब्यावरच होऊ दे.

अजून एक. तुम्ही लिहिलं नाही पण पेडण्याचे आणि मराठी इतकं चांगलं लिहिता म्हणजे जत्रेच्या नाटकात काम केलं असणारच. कोणाचं केलंत? माझी पैज, शिवाजी महाराज किंवा संभाजीराजे. १६८३ ला संभाजीराजे गोव्यावर चालून आले ते नाटकात आलं की आपल्या पेडण्या-डिचोलीत टाळ्या थांबत नाहीत, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यातले कितीतरी मावळे, सरदार, कुठले होते हो? घाटावरचेच. म्हणजे वर्षातून एक रात्र तुम्ही पगडी घालून, मिशी चिकटवून, अभिमानानं घाटी असता आणि सकाळी मिशी काढली की रूमची चावी लपवता.

पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक तुमच्याच तालुक्यात आहे, १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे गोळ्या झेलल्या त्यात बाहेरून आलेले किती होते ते तुम्ही मला सांगाल. मोहन रानडे सांगलीचे, इथे मराठी शिकवायचे, मुक्तिलढ्यात पकडले गेले आणि गोवा १९६१ ला सुटला तरी त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटायला १९६९ उजाडलं. तुमच्याकडे तिळारीचं पाणी येतं ना, त्याच्यासाठी जी गावं बुडाली ती दोडामार्गातली, एमएच ०७ वाली. हे सगळं मोजून दाखवायचं कारण उपकाराखाली वाकायचं म्हणून नाही, आपण पण त्यांना काय कमी दिलंय, मंगेशीच्या दीनानाथांपासून केरीच्या केसरबाईंपर्यंत निम्मं गाणं इथून वर गेलं. सांगायचं एवढंच की तुम्ही ज्याला कुंपण समजताय तिथून दोन्हीकडची गुरं आधीपासून चरून जातात.

आता कामाचं. तुमच्या मनातली खरी भीती मला वाटतं टॉवेलची नाही, मुलगी जाईल, कोकणी विसरेल, आणि भाट (माडांची बागायत) परक्याच्या घरात जाईल ही आहे. ती भीती बोलून दाखवली तर तिच्यावर काहीतरी करता येतं. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, आधी इराद्याची सही आणि मग ठरलेल्या मुदतीनंतर परत सही, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा जो कायदा आहे त्यात वेगळं काही ठरवलं नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, निम्मी निम्मी, आणि मुलीचा वारसा मुलासारखाच. वेगळं ठरवायचं असेल तर करार लग्नाच्या आधी करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. मुलगा बाहेरचा असल्यामुळे त्याला काय कसं लागू होतं ते इथल्या चांगल्या वकिलाला विचारा, मुलीला सोबत घेऊन जा, तिच्या पाठीमागे नको. कराडच्या लोकांना हे सगळं नवीन असेल, त्यांच्याकडे बायकोचा निम्मा हिस्सा म्हटलं की काकांना घाम फुटेल, तेव्हा हे आधीच टेबलावर ठेवलेलं बरं.

मग मुलाला एकट्याला बोलवा. काका नको, काकी नको. पगार किती, कर्ज किती, किती पितो (हे काकांना विचारायची गरज नव्हती, त्याला आहे), लग्नानंतर हिची नोकरी चालू राहणार का, राहणार कुठे, त्याचे आई-वडील म्हातारे झाल्यावर काय. मानपान, देणंघेणं याबद्दल त्याच्या घरचे काय बोलतात ते पण विचारा आणि हुंड्याचा ह जरी निघाला तर मला परत पत्र लिहा, तेव्हा मी नाही कसं सांगायचं ते चार वाक्यांत सांगते. हा मुलगा गोव्यात नोकरी करतो, त्याला इथे राहायचंय असं दिसतंय, म्हणजे तुमची मुलगी घाट चढून जातेय की तो उतरून आलाय? त्यानं कोकणी शिकायला घेतलीय का ते बघा. मी लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासऱ्यांना विचारलं, भात वाढू? लहानपणापासून गोव्यात राहूनही आमच्या घरात आजऱ्याचीच भाषा, घनसाळ तांदळाची आणि भाताचीच. सासरे ताटावरून मान वर न करता म्हणाले, भात कोंब्यांक घाल बाय, आमकां शीत वाड. कोकणीत भात म्हणजे साळ, ती कोंबड्यांना, आणि शिजवलेलं ते शीत. सगळी पंगत हसली, मी लालबुंद झाले. पण त्या दिवसानंतर ते मला रोज एक कोकणी शब्द शिकवायचे, आणि मी त्यांना भाकरी थापायला शिकवली, त्यांची कधी गोल झाली नाही.

हो, एक राहिलंच. जात तुम्ही पत्रात लिहिली नाहीये. जुळते म्हणून लिहिली नसेल तर ठीक. जुळत नाही म्हणून लिहिली नसेल तर मग हा घांटी-बिंटी सगळा पडदा आहे, आणि पडद्यामागचं काय ते तुमचं तुम्हालाच माहीत, मी त्याला नंबरप्लेटचं नाव देऊन मदत करणार नाही.

तेव्हा नाही कसं सांगायचं ते मी सांगत नाही भाऊ. सांगायचंच असेल तर मुलाशी बोलून, मुलामुळे सांगा. टॉवेलमुळे सांगितलंत तर मुलगी ऐकेल कदाचित, पण विसरणार नाही. आणि त्याआधी त्या लोकांना परत जेवायला बोलवा, शनिवार-रविवार सोडून, म्हणजे आंबोलीत अडकणार नाहीत. फोन काकांना नको, आजोबांना करा. तुमच्या वयाच्या माणसानं त्यांच्या वयाच्या माणसाला म्हणायचं, आबा, त्या दिवशी आमच्याकडून चुकलं, तुम्ही उपाशी गेलात. त्या दिवशी चुलीवर नुस्तं, म्हणजे मासे, चढवू नका, एक दिवस कोणी मरत नाही. खतखतं करा, मुगागाठी करा, उकड्या तांदळाचं शीत, सोलकढी, शेवटी मणगणं. काकींना तुळशीपाशी नेऊन बसवा, काकांना मानकुराद द्या.

आणि गॅलरीच्या मागच्या बाजूला, जिथे समोरच्या बिऱ्हाडाला दिसत नाही तिथे, एक दोरी बांधून ठेवा. नऊ टॉवेल मावतील एवढी.

तुमची,
माई